सुताच्या बँकेचा रेडिओ

सकाळी साडेसहाला पवनीतल्या कुणाच्या चुलीवर चहा उकळत असे, तर कुणी अजून कूसही बदललेली नसे. पण शोभाताईंचा आवाज सगळ्यांच्या घरी एकाच वेळी पोचे. ‘धोटा’ नावाच्या गावरेडिओवर त्या अकरा वर्षांपासून ‘गावची खबर’ वाचत होत्या. लाखांदूरची पहिली एसटी सुटली की रखडली, धरणाची किती दारं उघडली, रेशनचं धान्य कुठे आलं नि कुठे नुसतंच येणार आहे, हे सगळं दहा मिनिटांत सांगून व्हायचं. मागे हातमागाच्या धोट्याची खटखट चालू असे. ती त्यांच्या वडिलांच्या मागावरच रेकॉर्ड केली होती. वडील गेले, माग विकला, पण आवाज मात्र रोज सकाळी कामावर हजर असे.

कुणी गेलं असेल त्या दिवशी शेवटच्या मिनिटाला हा आवाज बंद होई. धोटा थांबला की साठ गावांतली माणसं हातातलं काम खाली ठेवत, कारण आता मयताची खबर यायची. कोण गेलं, कुठल्या गावचं, वय किती, माती किती वाजता. बस्स. ‘दुःखद निधन’ नाही, आत्म्याला शांती नाही. ज्याला बस पकडायची आहे त्याला विशेषणं ऐकायला वेळ नसतो, असं शोभाताईंचं म्हणणं होतं, आणि ते कुणाला खोडून काढता आलं नव्हतं.

ही खबर सगळ्यात जास्त कान देऊन ऐकत ते ढिवर लोक. आसगाव आणि भोवतालची चार गावं मिळून त्यांची एक टोळी होती. मोठ्या तलावात जाळं टाकायचं तर पाचही गावचे हात लागत. त्यांची रीत अशी, की टोळीतलं कुणी गेलं तर त्या दिवशी कुणाचंच जाळं पाण्यात पडत नाही. डोंगे, म्हणजे त्यांच्या लाकडी होड्या, काठावर पालथे घालायचे आणि सगळ्यांनी मातीला जायचं. शिवाय ज्याच्या हाताला त्या दिवशी जाळ्याचं पाणी लागलं असेल त्याने खांदा द्यायचा नाही. पूर्वी एक माणूस सायकलवर गावोगाव सांगत फिरे आणि तो पोचेपर्यंत निम्मी माणसं पाण्यात उतरलेली असत. रेडिओ आला आणि सायकलवाला सुटला. ढिवर पहाटेपासून काठावर तयार बसत, साडेसहाच्या खबरीत शेवटी धोटा थांबतो का ते ऐकत आणि ‘आज मयताची खबर नाही’ असं शोभाताई म्हणाल्या की डोंगे लोटत.

रेडिओ बँकेचा होता, हे पुष्कळांना माहीतच नव्हतं. बँकेचं कागदोपत्री नाव एवढं लांब होतं की पाटीवर दोन ओळी लागत. लोक तिला सुताची बँक म्हणत. पन्नास वर्षांपूर्वी विणकरांना कापडासाठी सूत लागे, ढिवरांना जाळ्यासाठी, आणि दोघांनाही एकच व्यापारी नागवत होता. तेव्हा दोघांनी मिळून ही बँक काढली. पहिल्या कागदावर तीन विणकरांच्या सह्या आणि दोन ढिवरांचे अंगठे होते. त्या पाचांपैकी आसगावचे इतवारी तेवढे उरले होते. वय वर्षं चौऱ्याऐंशी, दात चार, आवाज खणखणीत.

बँकेचे दिवस बरे होते तेव्हा संचालकांनी वरच्या मजल्यावर रेडिओ सुरू केला. परवाना एका ट्रस्टच्या नावे घेतला आणि ट्रस्टच्या घटनेत कुणा हुशार वकिलाने एक ओळ घातली: बँकेचा जो अध्यक्ष, तोच ट्रस्टचा अध्यक्ष. तेव्हा सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली होती. बँक कुणी गिळली तर रेडिओही तिच्याबरोबर पोटात जाईल, हे पाठ थोपटताना कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मार्चमध्ये तेच व्हायची वेळ आली. लहान बँकांनी अंग धरावं, नाहीतर मोठ्या बँकेत जावं, असं वरून पत्र आलं आणि नागपूरची एक मोठी बँक हात पसरून उभी राहिली. सुताच्या बँकेचे अध्यक्ष खेमराज हे कोसा साड्यांचे व्यापारी. माणूस वाईट नव्हता. फक्त घाबरट होता, आणि खुर्ची मिळाली की घाबरट माणसाचं जे होतं ते त्यांचं झालं होतं. नागपूरच्या बँकेचे अधिकारी संजीव यांना घेऊन ते एका दुपारी स्टुडिओत आले.

संजीवसाहेबांनी चहा घेतला, चहाची तारीफ केली, भिंतीवरचं सूतही बोटांनी चाचपून पाहिलं. आवाज घुमू नये म्हणून शोभाताईंनी तिथे सुताच्या लडी लावल्या होत्या.

“ताई, खरं सांगू का,” साहेब म्हणाले, “तुमच्या तीन शाखांत आम्हाला फारसा रस नाही. शाखा आम्ही महिन्याभरात उघडतो. पण साठ गावं ज्याच्यावर भरवसा ठेवतात असा आवाज काही उघडता येत नाही. तो तयार असलेलाच घ्यावा लागतो.”

शोभाताईंना आधी बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, “अन् गावची खबर?”

“ठेवू की. थोडी आटोपशीर करू. फक्त ते मयताचं... सकाळी साडेसहाची वेळ म्हणजे सोनं आहे, ताई. तिथे मयत कशाला? ते आपण ॲपवर टाकू.”

“ढिवर लोक पाण्यावर जाताना फोन घरी ठेवतात,” शोभाताई म्हणाल्या.

“सवय होईल,” साहेब म्हणाले. खेमराज छताकडे बघत होते.

विलीनीकरणाला सभासदांची संमती लागत होती. सभेला जे हजर असतील त्यांच्यातल्या दोन तृतीयांशांनी हात वर करायचा. अर्ध्याहून जास्त सभासद ढिवर होते आणि ते हात वर करणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. खेमराजांनी सभा ठेवली सत्तावीस एप्रिलला, सकाळी अकराला. त्याच दिवशी आसगावच्या तलावाचं वर्षाचं मोठं जाळं पडायचं होतं. तलावाचा ठेका महिनाअखेर संपत होता, पाणी खाली गेलं होतं, ठेकेदाराची बर्फाची गाडी ठरलेली होती. ती तारीख सरकणार नव्हती. शोभाताईंनी खेमराजांना फोन केला. मंगल कार्यालय दुसऱ्या कुठल्याच दिवशी रिकामं नाही, असं ते म्हणाले. एप्रिलच्या उन्हात पवनीत एवढी लग्नं निघाली होती म्हणायची.

शोभाताईंनी सभेची सूचना आठवडाभर रोज वाचली, एकेक शब्द सावकाश, तलावावर पोचेल अशी. पोचलीही. पण वर्षाची मासळी सोडून हात वर करायला कोण येणार?

सभेच्या दोन दिवस आधी, दुपारच्या एसटीने, इतवारी स्टुडिओत आले. सोबत नात होती, रंजू. म्हातारा जिना चढून आला, पंख्याखाली बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली.

“इतवारीबाबा, एवढ्या उन्हात काहून आले?”

“मयताची खबर द्याले आलो.”

शोभाताईंनी पेन घेतलं. “कोण गेलं?”

“मी,” इतवारी म्हणाले.

रंजू खिडकीबाहेर बघू लागली. बसमध्ये तिने आजोबाला समजावून पाहिलं असणार.

“परवा सकाळी वाचजो,” म्हातारा सांगू लागला. “धोटा थांबला का डोंगे पालथे पडतीन. पाचही गावची टोळी माझ्या दारात येईन. मंग मी घरातून निंगून ओट्यावर बसतो. सांगतो त्याईले, का बाबाहो, जाळं तं आज पडत नाही. बर्फाची गाडी उभीच हाय. चढा तिच्यात अन् चला पवनीले, हात वर करा नाहीतं खाली ठेवा, पण चला. जाळं उद्या टाकू.”

शोभाताईंना हसू आलं आणि ते लपवताही आलं नाही. “तुमच्या घरवालीले, बायाबाईले, सांगतलं का?”

“तिले सांगतलं तं ती खरंच मारन मले.” मग तो गंभीर झाला. “हसू नको बाई. बँक गेली तं गेली, तिच्यात आता आमचं सूत राहिलं नाही. पण हे तुमचं मयताचं गेलं, तं आमी आपले माणसं पाण्यात उभे राहून गमावू. रंजू, दे तो कागद.”

वहीचं पान होतं. रंजूच्या अक्षरात, अगदी शोभाताईंच्या पद्धतीने लिहिलेलं: ‘इतवारी. आसगाव. वय चौऱ्याऐंशी. सुताच्या बँकेचे पहिले सभासद. माती दुपारी एक वाजता.’ वाराची जागा कोरी होती.

“बाबा, मले नाही जमणार,” शोभाताई म्हणाल्या.

“पाप माझ्यावर.”

“तुमच्यावर कसं येईन? वाचणारी तं मी हाय.”

त्यांना देवकाबाई आठवत होती. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. देवकाबाई दवाखान्यात होती, रात्र काढणार नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि मामाला लाखांदूरहून पहिली बस मिळावी म्हणून मुलाने आदल्या संध्याकाळीच खबर देऊन ठेवली. शोभाताईंनी सकाळी ती वाचली. देवकाबाई मात्र सकाळी उठून बसली आणि तिने चहा मागितला. भाऊ दोन बसा बदलून, मेलेल्या बहिणीवर घालायचं माहेरचं लुगडं घेऊन आला, तर दवाखान्यातून घरी आलेली बहीण ओट्यावर भात खात बसलेली. ते लुगडं ती पुढे दोन दिवाळ्या मिरवून नेसली. सगळा तालुका हसला. पण त्यानंतर महिन्याभरात कुणा म्हाताऱ्याची खबर वाचली, तेव्हा त्याच्या लेकीला वाटलं की रेडिओ असंच सांगतो. ती निघाली नाही. बापाचं तोंड तिला दिसलं नाही. ती लेक नंतर स्टुडिओत येऊन अर्धा तास बसून गेली. त्या दिवसापासून घरातल्या दोघांनी सांगितल्याशिवाय शोभाताई कुणालाही मारत नसत.

हे सगळं त्यांनी इतवारींना सांगितलं. म्हाताऱ्याने मान हलवत ऐकून घेतलं. त्याला ते पटलं असं नाही, पण त्याने पुन्हा आग्रहही केला नाही.

“ठीक हाय,” तो उठत म्हणाला. “कागद ठेव. कधी ना कधी लागनच.”

सत्तावीस तारखेला शोभाताई नेहमीसारख्या माइकसमोर बसल्या. चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली होती. बस वेळेवर होती, धरणाची दारं बंद होती. शेवटच्या मिनिटाला त्यांनी धोटा थांबवला. चिठ्ठीकडे पाहिलं. एवढा वेळ त्या कधी गप्प बसल्या नव्हत्या. त्या गप्प बसण्यात काहीजणांनी डोंग्यावरचा हात मागे घेतला, असं पुढे त्यांच्या कानावर आलं. मग त्या म्हणाल्या, “आज मयताची खबर नाही.”

आसगावात इतवारी पहाटेच आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसले होते. ताई आयत्या वेळी वाचतील अशी आशा त्यांना असावी. खबर संपली तसे ते आत गेले आणि बायाबाईने विचारेपर्यंत धोतर बदललं नाही. रंजूने मग आजीला सगळं सांगून टाकलं.

तिकडे जाळं पडलं. इकडे सभेला दोनशे चौदा माणसं आली, पंचवीस मिनिटांत ठराव झाला आणि समोसे कमी पडले. सुताच्या बँकेला पन्नास वर्षं लागली होती उभी राहायला. खेमराजांना नव्या बँकेच्या सल्लागार समितीवर घेतलं. ही समिती सल्ला कधी देते हे अजून कुणाला कळलेलं नाही.

जूनमध्ये पाटी बदलली. रेडिओचं नाव ‘धोटा’च ठेवलं, मागाचा आवाजही ठेवला. लोकांना तो आवडतो, असं संजीवसाहेबांच्या पाहणीत निघालं होतं. कार्यक्रम मात्र नागपूरहून तयार होऊन येऊ लागले. शोभाताईंनी नोकरी सोडावी असं त्यांना स्वतःलाही वाटत होतं. पण घरी आजारी नवरा होता, त्या चोपन्न वर्षांच्या होत्या, आणि या वयात पवनीत आवाजाला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी सोनेतारण कर्जाच्या चार जाहिराती रेकॉर्ड केल्या. त्यातली एक रोज सहा एकोणचाळीसला लागे, नेमकी मयताच्या जागी. मागे धोटा चालूच असे, आता तो थांबत नसे. बाजारात एका बाईने त्यांना सरळ विचारलं, “ताई, तुमचा आवाज येते, पण तुमी काही सांगत काहून नाही?” शोभाताईंना तेव्हा भाजी घेण्याची घाई झाली.

इतवारी जानेवारीत गेले. संध्याकाळी जेवले, हात धुतले, भिंतीला टेकले ते टेकलेच; झोप लागली समजून बायाबाईने पांघरूण घातलं. सकाळी उठवायला गेल्यावर कळलं, तेव्हा रंजूने आधी स्टुडिओचा नंबर लावला. तो आता नागपूरला वाजे. मराठीसाठी एक दाबा, सोनेतारणासाठी दोन दाबा. मयतासाठी काही दाबायची सोय नव्हती. मग तिने गावोगाव फोन केले, पण पुरुष पहाटेच काठावर गेले होते आणि फोन घरात वाजत होते. काठावर नेहमीसारखा एक रेडिओ चालू होता. नव्या रेडिओला सात महिने झाले तरी ढिवरांची सवय मोडली नव्हती: धोटा थांबला नाही, म्हणजे कुणी गेलं नाही. शोभाताईंच्या आवाजाने त्यांना सोनं घरात पडू देऊ नका म्हणून सांगितलं आणि त्यांनी डोंगे लोटले. घरचं माणूस धावत काठावर पोचलं तोवर डोंगे पार आत गेले होते.

शोभाताईंना रंजूचा फोन आठला आला. मिळेल त्या बसने त्या आसगावला पोचल्या. तलावाच्या पाळीवर माणसं धरलेली मासळी परत पाण्यात ओतत होती. रीत म्हणून ओतायची. मासळी मेलेली होती, ती पांढरी होऊन वर तरंगत होती. ओले डोंगे एकेक करून पालथे पडत होते.

इतवारींच्या अंगणात शंभरावर माणसं होती आणि तिरडीजवळ मोजून तीन. त्यांचा मुलगा धनराज आणि घरचेच दोघे. बाकी सगळ्यांचे हात जाळ्याचे. भाचा मंगरू गुडघ्यापर्यंत ओल्या कपड्यांनी कुंपणाबाहेर उभा होता. म्हाताऱ्याने त्याला खांद्यावर बसवून तलाव दाखवला होता, डोंगा वल्हवायला शिकवलं होतं. आता तो आत येत नव्हता, जातही नव्हता. चौथ्या खांद्यासाठी गावातला एक शेतकरी पुढे आला. त्याचं आणि इतवारींचं तलावाच्या पाण्यावरून तीस वर्षं भांडण होतं. माती दुपारी एकला ठरली होती, पण बाहेरगावचे लोक कुणाला कळलं, कुणाला नाही, म्हणून वाट बघण्यात वेळ चालला होता.

शोभाताई बायाबाईजवळ जाऊन बसल्या.

“रंजूनं मले सांगतलं होतं, तो तुझ्याकडे आल्ता म्हणून,” बायाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. “त्या दिवशी तू खोटं वाचलं असतं, बाई, तं आज खरं वाचता आलं असतं.”

शोभाताईंना रडू आलं नाही. लाज वाटली. देवकाबाईनंतर एक शब्द खोटा जाऊ दिला नाही याचा त्यांना मनातून अभिमान होता. मग गेले सात महिने त्याच आवाजाने रोज सकाळी काय सांगितलं, याचा हिशेब त्यांनी आजवर टाळला होता. मंगरूकडे बघून आता तो टाळता येईना.

“कागद हाय का तो?” बायाबाईने विचारलं.

“हाय.” तो पर्समध्येच होता. काचेखालून काढल्यापासून त्यांनी तो कुठेच ठेवला नव्हता.

“मंग वाच. त्याची हौस होती.”

शोभाताई ओट्यावर उभ्या राहिल्या. कोपऱ्यात एकजण तिरडीचा उरलेला बांबू तोडत होता. त्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि कोयता थांबवला. कुंपणाबाहेरची माणसंही गप्प झाली. माइक नव्हता, पण आवाज पोचत होता.

“आज मयताची खबर,” शोभाताई म्हणाल्या. “इतवारी. आसगाव. वय चौऱ्याऐंशी. सुताच्या बँकेचे पहिले सभासद.” त्यांनी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून गेले होते. कागदावर रंजूच्या अक्षरात एक होता. कुंपणाबाहेर मंगरू आणि ते सगळे ओले हात उभे होते.

“माती दुपारी एक वाजता,” त्यांनी इतवारींसाठी या वेळी खोटंच वाचलं आणि कागदाची घडी केली.